पहिली सुई वेळेवर

पैनगंगेच्या अलीकडे बेला-जैनदला जा, पलीकडे पांढरकवड्याला जा, नाहीतर पश्चिमेला किनवटला जा. तेलंगणातल्या आदिलाबादच्या आसपासच्या या सगळ्या मुलखात ऑपरेशन झालेल्या माणसाला बघायला आलेले पाहुणे दोन गोष्टी हमखास विचारतात. टाके किती पडले आणि सुया किती दिवस चालणार? पाच दिवस सकाळ-संध्याकाळ सुया म्हणजे डॉक्टरांनी नीट लक्ष दिलं. पहिल्याच दिवशी सुया थांबल्या, तर घरातलं कुणीतरी सिस्टरांना गाठून विचारतंच, "काहून बंद केली सुई?" विचारण्यात काळजी असते आणि थोडा संशयही असतो. सरकारी दवाखाना आहे, औषध संपलं असेल.

वैद्यकशास्त्राचा हिशेब वेगळा आहे. हर्निया, सिझेरियन, गर्भपिशवी काढणं, मोडलेल्या हाडात पट्टी बसवणं अशा ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेत आधीपासून जंतुसंसर्ग नसतो. तिथे अँटिबायोटिकचं काम चीर देण्याआधी सुरू होतं आणि टाके घालून झाले की संपतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली शस्त्रक्रियेच्या जखमेतला संसर्ग टाळण्यासाठी २९ शिफारशी प्रसिद्ध केल्या. त्यांतली एक म्हणते की औषध चीर देण्याआधीच्या १२० मिनिटांत द्यावं, आणि दुसरी म्हणते की शस्त्रक्रिया आटोपल्यावर ते पुढे चालू ठेवू नये. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने २०१७ मध्ये हेच आणखी स्पष्ट लिहिलं: जखम स्वच्छ असेल तर ड्रेनची नळी ठेवलेली असली तरी टाक्यांनंतर डोस नको. आपल्याकडे राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेत आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पुस्तिकेतही या विषयाला जागा आहे. कागदावर भांडण कुठेच नाही.

तरीही भारतातल्या बहुतेक वॉर्डांत पाच दिवसांचा 'कोर्स' चालूच असतो. डॉक्टरांना नियम माहीत नाही, असं म्हणून हा विषय मिटवता येत नाही. एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाच्या मुलाला परीक्षेत विचारा, बरोबर उत्तर देईल. तोच मुलगा पुढच्या वर्षी इंटर्न म्हणून केसपेपरवर 'इंजेक्शन सेफ्ट्रायॅक्सोन, दिवसातून दोनदा, पाच दिवस' असं लिहील, कारण वरच्या सरांच्या सगळ्या केसपेपरवर तसंच असतं. माझ्या मते खरी अडचण क्रमाची आहे. सगळे 'पुढच्या सुया बंद करा' इथून सुरुवात करतात. सुरुवात पहिल्या सुईपासून व्हायला हवी. ती का, हे कळायला जखमेत काय घडतं ते बघावं लागतं.

ऑपरेशननंतर जखमेत पू करणारे जंतू बहुतेक वेळा बाहेरून उडून येत नाहीत, ते रुग्णाच्याच अंगावर असतात. त्वचा कितीही घासून धुतली तरी केसांच्या मुळाशी, घर्मग्रंथींत काही जंतू उरतातच, आणि चाकू तिथूनच आत जातो. या जंतूंचा म्होरक्या स्टॅफिलोकोकस ऑरियस. तो कितीतरी निरोगी माणसांच्या नाकात मुक्कामाला असतो. मात्र चार-दोन जंतू आत गेले म्हणून पू होत नाही. १९५७ मध्ये इंग्लंडमध्ये एलेक आणि कॉनेन या दोघांनी स्वयंसेवकांच्या त्वचेत मोजून जंतू सोडले. साध्या त्वचेत पू व्हायला कित्येक लाख जंतू लागले. तिथेच रेशमाचा एक टाका घातला, तर काहीशे जंतूंनीही काम भागलं. टाका हा शरीराला परका पदार्थ. त्याच्या आडोशाला बसलेल्या जंतूपर्यंत शरीराचे रक्षक नीट पोचत नाहीत. ऑपरेशनच्या जखमेत टाके असणारच, तेव्हा थोडक्या जंतूंचाही तिथे बंदोबस्त करावा लागतो.

हा बंदोबस्त केव्हा करायचा, ते अमेरिकन सर्जन जॉन बर्क यांनी गिनीपिगवर दाखवलं. त्यांचा निबंध १९६१ चा. त्यांनी त्वचेत स्टॅफिलोकोकस टोचले आणि अँटिबायोटिक वेगवेगळ्या वेळी दिलं. जंतू टोचण्याआधी औषध रक्तात असेल, तर गाठ जवळजवळ उठलीच नाही. औषध जसजसं उशिरा दिलं, तसतसा उपयोग घटत गेला, आणि तीन तास उलटल्यावर दिलेलं औषध न दिल्यासारखंच ठरलं. कारण सरळ आहे. चीर दिली की बारीक रक्तवाहिन्या तुटतात, रक्त साकळतं आणि जखमेच्या कडांना फायब्रिनचं जाळं बसतं. त्या जाळ्यात जे अडकलं ते अडकलं. चिरेच्या क्षणी रक्तात औषध असेल, तर जाळ्यात जंतूंबरोबर औषधही अडकतं. नंतर दिलेल्या औषधाला तिथवर जायला वाट उरत नाही.

आदिलाबाद हा कापसाचा जिल्हा आहे, म्हणून शेतकऱ्याला हे एका वाक्यात सांगता येतं: ही बीजप्रक्रिया आहे, फवारणी नव्हे. बियाण्याला औषध चोळायचं ते पेरणीआधी. सरकी उगवून वर आल्यावर ते औषध आणून उपयोग नाही.

माणसांवरचा पुरावा १९९२ मध्ये आला. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीतल्या एलडीएस रुग्णालयात डेव्हिड क्लासेन आणि सहकाऱ्यांनी २,८४७ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. चिरेआधीच्या दोन तासांत औषध मिळालेल्यांपैकी ०.६ टक्के लोकांच्या जखमेत संसर्ग झाला. चिरेनंतर तीन तासांच्या आत मिळालेल्यांत हे प्रमाण १.४ टक्के होतं आणि त्याहून उशिरा मिळालेल्यांत ३.३ टक्के. सगळ्यात बोलका आकडा चौथ्या गटाचा होता. ज्यांना औषध फार लवकर, म्हणजे दोन तासांहून आधी दिलं गेलं, त्यांच्यात ३.८ टक्के. सकाळी सहाला वॉर्डात सगळ्यांना सुया देऊन मोकळं व्हायचं आणि ऑपरेशनला नंबर लागायचा दुपारी एकला, ही आपल्याकडची रीत या चौथ्या गटात मोडते. पुढे झालेल्या अभ्यासांत असंही दिसलं की चिरेआधीच्या शेवटच्या तासाच्या आत अमुक मिनिट की तमुक मिनिट याने फारसा फरक पडत नाही. घड्याळ लावून बसायला नको, पण चाकू लागण्याआधी औषध रक्तात हवं.

आता वॉर्डात जाऊ. आदिलाबादचं राजीव गांधी वैद्यकीय विज्ञान संस्थेचं रुग्णालय, लोकांच्या तोंडचं 'रिम्स', २००८ मध्ये सुरू झालं. २०१६ च्या ऑक्टोबरात जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, तोवर एवढ्या मोठ्या मुलखातलं ते एकमेव सरकारी वैद्यकीय महाविद्यालय होतं. हैदराबाद इथून सुमारे तीनशे किलोमीटर, नागपूर दोनशेच्या आसपास. अशा ठिकाणचं रुग्णालय एकाच वेळी तालुक्याचा दवाखानाही असतं आणि शेवटचा आधारही. पुढे जे सांगतो आहे ते एका रुग्णालयाचं नाही. देशातल्या कोणत्याही जिल्हा पातळीवरच्या ऑपरेशन थिएटरला ते लागू पडतं.

पहिली सुई वेळेवर पडत नाही, याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे ती कुणी द्यायची हे ठरलेलं नसतं. सर्जन केसपेपरवर लिहितो. वॉर्डातल्या सिस्टर समजतात की ओटीत देतील. ओटीतल्या सिस्टर समजतात की वॉर्डातून देऊनच पाठवलं असेल. भूलतज्ज्ञाला वाटतं की अँटिबायोटिक हा सर्जनचा विषय. तिघांचंही आपापल्या जागी बरोबर असतं आणि रुग्णाला औषध मिळतं टाके घातल्यावर, रिकव्हरीत. जिथे हा घोळ सुटला तिथे बहुतेक एकच गोष्ट केली गेली: औषधाची बाटली भुलीच्या ट्रॉलीत आणून ठेवली आणि काम भूलतज्ज्ञाकडे सोपवलं. चिरेआधीच्या अर्ध्या तासात रुग्णापाशी हमखास उभा असलेला आणि शिरेत लावलेली सलाईन ज्याच्या हाताशी असते असा तोच एक माणूस आहे.

दुसरी आडकाठी खास आपल्या देशातली, ती म्हणजे टेस्ट डोस. हातावर त्वचेत थेंबभर औषध टोचायचं, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, फोड आला नाही तर पूर्ण डोस द्यायचा. हे वॉर्डातच उरकतं, आणि टेस्टच्या मागोमाग पूर्ण डोसही तिथेच देऊन टाकला जातो. ज्याला पूर्वी कधी ॲलर्जी झाली नाही अशा प्रत्येक माणसाची सेफालोस्पोरिनसाठी त्वचाचाचणी करण्याला शास्त्राचा आधार कमकुवत आहे. नीट विचारपूस करणं आणि ॲड्रेनॅलिन हाताशी ठेवणं याने जास्त जीव वाचतात. पण टेस्ट न करता सुई दिली आणि काही झालं, तर नातेवाईक आणि पोलीस दोघेही पहिल्यांदा टेस्टचंच विचारतील, ही भीती सिस्टरांना असते. ती भीती खोटी नाही. टेस्ट थांबवायची असेल तर तसा लेखी आदेश रुग्णालयाने काढायला हवा. एकट्या सिस्टरवर तो भार टाकणं अन्याय आहे.

तिसरी आडकाठी कपाटात असते. या कामासाठी जगभर पहिली पसंती सेफॅझोलिनला आहे. हे पहिल्या पिढीचं जुनं सेफालोस्पोरिन. स्टॅफिलोकोकसवर चांगलं चालतं आणि नको तितके जंतू मारत नाही. मोठ्या माणसाला साधारण २ ग्रॅम लागतं. रक्तातलं त्याचं प्रमाण दोनेक तासांत निम्म्यावर येतं, म्हणून ऑपरेशन चार तासांपुढे लांबलं किंवा दीड लिटरहून जास्त रक्त गेलं तर दुसरा डोस द्यायचा असतो. भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत ते आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत ते 'ॲक्सेस' गटात, म्हणजे मोकळेपणाने वापरावं अशा औषधांत मोडतं. पण आपल्या सरकारी स्टोअरांत आणि गावातल्या मेडिकल दुकानांत सहज हाताला लागतं ते सेफ्ट्रायॅक्सोन. ते तिसऱ्या पिढीचं, 'वॉच' गटातलं, म्हणजे जपून वापरायचं. इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, कुणी भरत नाही म्हणून सेफॅझोलिन येत नाही आणि येत नाही म्हणून कुणी इंडेंट भरत नाही. मार्गदर्शिका अंमलात आणायची झाली तर पहिली बैठक सर्जनांची घेण्यापेक्षा स्टोअरच्या फार्मासिस्टबरोबर घ्यावी असं मला वाटतं. बाटली कपाटात नसेल तर बाकीची चर्चा फुकटच.

सिझेरियनची गोष्ट थोडी वेगळी सांगायला हवी, कारण तेलंगणात हा प्रश्न घरोघरी पोचलेला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशभरात २१.५ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झालेली आढळली. तेलंगणात हा आकडा ६०.७ टक्के निघाला, देशात सगळ्यात जास्त. इतकी सिझेरियन व्हावीत का, हा स्वतंत्र आणि जास्त गंभीर वाद आहे. पण ती होत आहेत तोवर राज्यात अँटिबायोटिकचा नियम पाळला जातो की नाही, हे मुख्यतः बाळंतपणाच्या ओटीतच ठरणार. पूर्वी सिझेरियनमध्ये औषध बाळाची नाळ बांधल्यावर द्यायची पद्धत होती. बाळाच्या रक्तात औषध जाऊ नये, बाळाला संसर्ग असलाच तर तो झाकला जाऊ नये, हा हेतू. नंतरच्या अभ्यासांत दिसलं की चिरेआधी दिल्याने आईच्या गर्भाशयाचा आणि जखमेचा संसर्ग कमी होतो आणि बाळाचं नुकसान होत नाही. साधारण २०१० पासून जगातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी भूमिका बदलली आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१५ मध्ये चिरेआधीचा एकच डोस सांगितला. ज्यांचं शिक्षण त्याआधी झालं, त्यांच्या हाताला नाळेनंतरचीच सवय आहे. ती फलक लावून मोडत नाही. रात्री दोनला बाळाचे ठोके मंदावले म्हणून धावत आणलेल्या बाईच्या वेळी हाताला जे सवयीचं असतं तेच घडतं. म्हणून ती बाटली भुलीच्या औषधांशेजारीच हवी, धावपळीतही नजरेस पडेल अशी.

याला उपाय म्हणून चेकलिस्ट आली. जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित शस्त्रक्रियेची यादी २००८ मध्ये आठ शहरांतल्या रुग्णालयांत वापरून पाहिली गेली. त्यांत नवी दिल्लीही होती. चीर देण्याआधी सगळ्यांनी क्षणभर थांबायचं आणि मोठ्याने विचारायचं: रुग्ण तोच आहे ना, बाजू तीच आहे ना, आणि गेल्या साठ मिनिटांत अँटिबायोटिक दिलं का? पुढच्याच वर्षी निकाल छापून आले. मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं होतं. भारतात २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'लक्ष्य' कार्यक्रमाने ही यादी सरकारी प्रसूती-ओटींत नेली. पण यादीची एक गंमत आहे. ती वाचायची असते आणि आपल्याकडे ती भरली जाते. ऑपरेशन झाल्यावर चहा पिताना सगळ्या चौकटींवर खुणा केल्या की फाइल पूर्ण होते आणि तपासणीला आलेले साहेबही खूश होतात.

पहिल्या सुईचं एवढं सांगितलं, आता पुढच्या सुयांकडे वळू. सर्जन पाच दिवस औषध का चालू ठेवतो? त्याला विचारलं तर तो सांगेल: आमचा वॉर्ड भरलेला, एका खाटेजवळ चार नातेवाईक, पंख्यावर धूळ, रुग्ण घरी जाऊन मातीत बसणार. तुमची मार्गदर्शिका अमेरिकेतली, तिथलं थिएटर वेगळं. या म्हणण्याला मी नुसती अंधश्रद्धा म्हणणार नाही. नेदरलँड्समधल्या संशोधकांच्या पुढाकाराने २०२० मध्ये लॅन्सेटच्या संसर्गरोगांच्या नियतकालिकात एक मोठं विश्लेषण आलं. ५२ चाचण्या, १९ हजारांहून जास्त रुग्ण. पहिला डोस वेळेवर होता आणि लांबलेल्या ऑपरेशनमध्ये दुसराही दिला होता अशा चाचण्यांत, नंतर औषध चालू ठेवल्याने कसलाच फायदा दिसला नाही. जिथे सुरुवातच ढिसाळ होती तिथे मात्र नंतरच्या डोसांचा थोडा उपयोग झाल्यासारखं दिसलं.

म्हणजे सर्जनचा अनुभव खोटा नाही, त्याचं कारण मात्र दुसरं आहे. वॉर्डातल्या धुळीची किंवा नातेवाईकांच्या गर्दीची नव्हे, तर पहिली सुई चुकल्याची भरपाई तो पुढच्या दहा सुयांनी करत असतो, तीही अर्धीमुर्धी. एखाद्या अधीक्षकाने परिपत्रक काढून पुढच्या सुया तडकाफडकी बंद केल्या आणि पहिलीची सोय केली नाही, तर काही रुग्णांच्या जखमा पिकतील आणि मार्गदर्शिकेचं नाव कायमचं खराब होईल. म्हणून आधी पहिली सुई नीट बसवायची, मग पुढच्या काढायच्या. परिपत्रकं नेमकी उलटी निघतात, कारण बंद करायला शाईचा एक फटकारा पुरतो आणि सोय करायला माणसं, कपाट आणि वेळापत्रक हलवावं लागतं.

हे गरीब देशात जमतं का? केनियातल्या थिका इथल्या सरकारी रुग्णालयात २०११ मध्ये जमलं. तिथे आधी जवळजवळ सगळ्यांना ऑपरेशननंतर औषध मिळत होतं, चिरेआधी मिळणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. रुग्णालयातल्या मंडळींनी मिळून धोरण ठरवलं, औषधाची व्यवस्था लावली, शिकवलं. काही आठवड्यांत चित्र पालटलं आणि बहुतेक रुग्णांना चिरेआधी डोस मिळू लागला. जखमांतला संसर्ग वाढला नाही, वरवरचा संसर्ग उलट घटला. सुयांवरचा खर्च वाचला आणि परिचारिकांचा वेळही. हा वेळ मोलाचा आहे. आपल्याकडे साठ खाटांच्या वॉर्डात दोन सिस्टर असतात. प्रत्येक रुग्णाला पाच दिवसांत दहा सुया, प्रत्येक सुईला पावडर विरघळवणं, शीर तपासणं, नोंद करणं. तेवढ्यात किती जणांचं ड्रेसिंग नीट होईल याचा हिशेब कुणीही करावा. केनिया, युगांडा, झांबिया आणि झिंबाब्वेतल्या पाच रुग्णालयांचा दुसरा एक उपक्रम २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे जखमेच्या संसर्गाचं प्रमाण ८ टक्क्यांवरून ३.८ टक्क्यांवर आलं. अँटिबायोटिकचा योग्य वापर १२.८ टक्क्यांवरून ३९.१ टक्क्यांपर्यंतच पोचला. दोन-तीन वर्षांच्या खटाटोपानंतरही अर्ध्याच्या खालीच! या आकड्याने निराश होऊ नये, पण महिनाभरात सगळं बदलल्याचे अहवाल वाचताना तो लक्षात ठेवावा.

त्या पाच रुग्णालयांनी नुसत्या अँटिबायोटिकवर भर दिला नव्हता. ऑपरेशनआधीची आंघोळ, त्वचेला अल्कोहोल असलेलं जंतुनाशक, हात धुणं आणि वस्तऱ्याने केस न काढणं हेही त्यात होतं. वस्तऱ्याचा मुद्दा आपल्याकडे अजून पोचायचा आहे. कॅनडात कॅलगरीच्या क्रूज आणि फूर्ड यांनी दहा वर्षांत ६२,९३९ जखमांचा पाठपुरावा केला, तो १९८० मध्ये छापून आला. वस्तऱ्याने केस काढलेल्यांत जखम पिकण्याचं प्रमाण केस न काढलेल्यांच्या दुपटीहून जास्त निघालं. वस्तरा त्वचेवर बारीक ओरखडे काढतो आणि रात्रभरात त्यांत जंतूंची वस्ती होते. तरी आजही आदल्या संध्याकाळी वॉर्डात वस्तरा फिरतो.

आणि औषध हे निर्जंतुकीकरणाला पर्याय नाही, याचा धडा तेलंगणाने फार महागात घेतला आहे. २५ ऑगस्ट २०२२ रोजी रंगारेड्डी जिल्ह्यात इब्राहिमपट्टणमच्या सरकारी रुग्णालयात कुटुंब नियोजनाच्या शिबिरात दुर्बिणीने ३४ बायकांच्या शस्त्रक्रिया झाल्या. पुढच्या काही दिवसांत त्यांतल्या चौघी गेल्या. कारण निघालं जंतुसंसर्गाचं, आणि बोट उपकरणांच्या निर्जंतुकीकरणातल्या ढिलाईकडे गेलं. एकामागून एक बायका टेबलावर आणि दुर्बीण नीट निर्जंतुक करायला वेळ नाही, अशा शिबिरात वेळेवरची सुईसुद्धा वाचवू शकत नाही. सुई आपल्याच त्वचेवरच्या थोडक्या जंतूंसाठी आहे. दुसऱ्याच्या पोटातून आलेल्या हत्यारावरच्या जंतूंसाठी नाही.

जास्त दिवस सुया घेऊन बिघडतं काय, हा घरच्यांचा प्रश्न राहतोच. थेट उत्तर अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून मिळालं. ७९,०५८ जणांच्या नोंदींवरचा हा अभ्यास २०१९ चा. औषध चोवीस तासांपुढे जितकं लांबलं, तितकी मूत्रपिंडाला इजा होण्याची आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाच्या जंतूने होणाऱ्या जुलाबाची शक्यता वाढत गेली. जखमेचा संसर्ग मात्र कमी झाला नाही. दुसरं नुकसान त्या रुग्णापुरतं राहत नाही. आतड्यातले साधे जंतू मरतात आणि औषधाला न जुमानणारे उरतात, मग ते वॉर्डभर, घरभर फिरतात. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंवर नजर ठेवणाऱ्या आयसीएमआरच्या जाळ्यातल्या रुग्णालयांतले बहुतेक ई. कोलाय जंतू आज सेफ्ट्रायॅक्सोनसारख्या औषधांना दाद देत नाहीत. पाच दिवस दिलं जाणारं ते औषध अनेकदा ज्या जंतूंसाठी दिलं, त्यांना हलवतही नाही. तेलंगणाला या प्रश्नाची दुसरी बाजूही आहे. हैदराबादजवळच्या पटानचेरूत औषध कारखान्यांच्या शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सापडल्याचं स्वीडिश शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये दाखवलं होतं. त्या पाण्यापुढे वॉर्डातल्या दहा सुया कमीच वाटतात, हे खरं आहे. पण सर्जनच्या हातात असलेल्या त्या दहाच.

शेवटी राहतं मोजणं. ज्या सर्जनला आपल्या शंभर रुग्णांपैकी किती जणांची जखम पिकली हे माहीत नाही, त्याला एका डोसवर थांबायचा धीर कोण देणार? क्रूज आणि फूर्ड यांच्या कामाचं मोल तिथेच आहे. त्यांनी प्रत्येक सर्जनला त्याचा आकडा सांगितला आणि नुसता आकडा कळल्यानेही प्रमाण खाली आलं. मोजायचं कसं? जखमेचा संसर्ग ऑपरेशननंतर ३० दिवसांपर्यंत धरतात, शरीरात पट्टी किंवा सांधा बसवला असेल तर ९० दिवसांपर्यंत. आपल्याकडे रुग्ण पाचव्या-सातव्या दिवशी घरी जातो आणि पू बहुधा त्यानंतर येतो. नारनूर किंवा गादीगुड्याकडची बाई बाळ घेऊन घरी गेली आणि दहाव्या दिवशी टाका ओलसर झाला, तर ती बसचे पैसे खर्चून रिम्सपर्यंत परत येईलच असं नाही. ती जवळच्या आरएमपीकडे, म्हणजे गावातल्या डिग्री नसलेल्या डॉक्टरकडे जाईल, तो आणखी एक सुई देईल, आणि रुग्णालयाच्या वहीत तिची जखम बरी म्हणूनच राहील.

म्हणून डिस्चार्जच्या वेळी एक फोन नंबर घ्यायचा आणि तिसाव्या दिवसाच्या आत दोनदा फोन करायचा, ही साधी पद्धत अनेक ठिकाणी वापरली जाते. आदिलाबादमध्ये फोन करणाऱ्याला तेलुगूबरोबर मराठी आणि गोंडी यायला हवी, हिंदी-उर्दूवरही भागेल, पण गोंडांच्या गुड्यांत बाईमाणूस बोलणार ते गोंडीतच. प्रश्न फक्त चार: टाक्यातून पाणी किंवा पू येतो का, जखमेभोवती लाली-सूज आहे का, ताप आला का, आणि बाहेर कुठे सुई-गोळी घेतली का. आशा कार्यकर्ती बाळ-बाळंतिणीला बघायला घरी जातेच, तिच्या वहीत हेच चार प्रश्न छापले तर वेगळी फेरी लागत नाही. महिन्याच्या अखेरीस सर्जरी आणि प्रसूती विभागाच्या भिंतीवर दोन आकडे लिहायचे: किती जणांना चिरेआधी औषध मिळालं आणि किती जणांची जखम पिकली. पहिला आकडा नव्वद टक्क्यांच्या पुढे जाऊन दोन-तीन महिने टिकला, की त्या विभागात पुढच्या सुया बंद करायचा आदेश काढायला हरकत नाही.